गच्चीवरून आधी काय दाखवाल: चंद्र, गुरूचे चंद्र की अवकाश स्थानक?

घरात सात-आठ वर्षांचं पोर, हाताशी फार तर एक १०×५० चा (दहापट मोठं दाखवणारा, ५० मिलिमीटर भिंगांचा) बायनॉक्युलर, आणि शहरातली उजेडाने भरलेली गच्ची. एवढ्यावर सुरुवात करायची, तर माझं मत अवकाश स्थानकाला. त्याला बायनॉक्युलर लागतच नाही.

जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर फिरणारं हे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं. सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्याआधी, खाली अंधार आणि वर त्याच्या सौरपट्ट्यांच्या पंखांवर ऊन असताना, ते ठळक ताऱ्यासारखं सरकत जातं. लुकलुकलं तर विमान समजा. गच्चीवर पोरं हमखास पूर्वेकडे तोंड करून उभी राहतात, कारण चंद्र तिकडून उगवतो. स्थानक मात्र येतं पश्चिमेच्या बाजूने. गंमत अशी, की दोघंही पश्चिमेकडून पूर्वेकडेच फिरतात. चंद्राला फेरीला २७ दिवस लागतात, तेवढ्यात पृथ्वीच स्वतःभोवती सत्तावीस गिरक्या घेते, म्हणून तो आपल्याला मागे पडत जाताना दिसतो. स्थानक पृथ्वीच्या गिरकीला मागे टाकतं.

खोट एकच: पाच-सहा मिनिटांत खेळ खलास. कधी तर भर आकाशात, पृथ्वीच्या सावलीत शिरताना, तांबूस होऊन विझतं. शिवाय काही दिवस रोज दिसतं आणि मग कितीतरी दिवस गायब. वेळ नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’वर आधी बघून ठेवा, जेवणं नंतर.

चंद्राला अशी घाई नाही. पण पौर्णिमा निवडू नका. कोजागरीला दूध आटवा, बायनॉक्युलर कपाटात राहू द्या: ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात, चंद्र सपाट थाळीसारखा दिसतो. शुक्ल अष्टमीच्या आसपास बघा. सूर्य मावळताना तो डोक्याजवळ असतो, आणि उजेड-अंधाराच्या रेघेवर विवरांच्या कडा अक्षरशः उठून येतात. संकष्टीचा चंद्र यासाठी गैरसोयीचा, तो उगवेपर्यंत मोदक आणि पोर दोन्ही गार झालेले असतात.

गुरूचे चंद्र चिकाटीच्या माणसासाठी. गुरू संध्याकाळच्या आकाशात असेल तेव्हाच, आणि कोपर कठड्यावर घट्ट टेकवून. हात हलला तर ठिपके दिसणार नाहीत. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले हे चार ठिपके एका रात्रीत काहीच सांगत नाहीत. तीन-चार रात्री वहीत जागा मांडल्या की कळतं. त्यातला आयो पावणेदोन दिवसांत गुरूभोवती फेरी पुरी करतो, कॅलिस्टो नावाच्या दुसऱ्याला जवळपास १७ दिवस लागतात. माझ्या पुतणीने दुसऱ्याच रात्री विचारलं, “काका, काल चार होते, आज तीनच?” एक गुरूच्या मागे दडला होता किंवा समोरून जात होता. पुढचे चार दिवस मला गच्चीवरून सुटका नव्हती.