झाडांचा हस्तकला संच: खोड पक्कं, पानांचा गोंद मात्र कुचकामी

दिवाळीनंतर बालवाडीसाठी हा संच ऑनलाइन मागवला आणि मे उजाडेपर्यंत वापरला. खोक्यात जाड पुठ्ठ्याची खोडं, त्यांवर चिकटवायची पानं आणि फळांसाठी मणी येतात. आता थेट गोंदावर येते. बाकी सगळं कितीही चांगलं असलं तरी पानं झाडाला राहत नसतील तर ४४९ रुपये कशाचे मोजायचे? आणि ते माझ्या पदरचे होते, संस्थेचे नव्हते.

पानं फोमची आहेत, पाठ चिकट आणि त्यावर गुळगुळीत कागद. साडेतीन-चार वर्षांच्या पोराला तो कागद सोलता येत नाही. नखाने कोपरा कुरतडतं, फोमचा तुकडा निघतो, कागद तसाच, आणि पान माझ्यापुढे येतं: "ताई, काढून द्या ना." सगळ्या वर्गाची पानं मीच सोलायची आणि मुलांनी फक्त दाबायची, तर त्यांच्या चिमटीला काम काय मिळालं? या वयात बोटांना तेच तर हवं असतं. जखमेवरच्या पट्टीला असतो तसा कागद मधून चिरलेला दिला असता, तर पान वाकवलं की कागद आपोआप उचलला गेला असता. इतकी साधी गोष्ट आहे.

थंडीत निदान चिकटलेली पानं टिकली. होळी झाली आणि आमच्याकडचं ऊन सुरू झालं. जळगाव जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो, वर्गावर पत्रे आहेत. असला चिकट थर उष्णतेने मऊ पडतो. पानं आधी खाली सरकली, मग गळली, आणि पुठ्ठ्यावर राहिलेल्या चिकट डागांवर धूळ बसून काळे ठिपके झाले. एक मुलगी रोज आल्या आल्या आपल्या झाडाखालची पानं गोळा करून माझ्या हातात द्यायची. तिला काय सांगू?

विक्रेत्याकडे तक्रार केली. पहिलं उत्तर, परत करण्याची मुदत संपली. दुसरं, खोकं उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. चार महिने वापरलेल्या वस्तूचा खोकं उघडतानाचा व्हिडिओ कशाला? बरीच हुज्जत घातल्यावर पानांचा नवा ताव आला, सोबत 'थंड व कोरड्या जागी ठेवा' अशी चिठ्ठी. तो तावही एप्रिलात तसाच सुटला. खोक्यावर आयएसआय चिन्ह का नाही, हेही विचारलं. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. उत्तर आलं, हे खेळणं नाही, स्टेशनरी आहे. खोक्यावर मात्र 'खेळता खेळता शिका' छापलंय! फळांसाठी दिलेले मणी मी पहिल्याच दिवशी काढून कपाटात टाकले. त्या आकाराची वस्तू लहान मुलं तोंडात घालतात आणि ती घशात अडकते.

आता खोडाबद्दल. सुरुवातीला मला वाटलं होतं, एवढा जाड पुठ्ठा म्हणजे उगाच वजन आणि किंमत वाढवायची युक्ती. ते मत आता बदललंय. दोन खाचांचे तुकडे एकमेकांत अडकवले की झाड गोंदाशिवाय उभं राहतं. मुलं ते स्वतः जोडतात, पाडतात, पुन्हा जोडतात. इतक्या महिन्यांत एकही खाच सैल झालेली नाही. नुसती खोडं दीडशे रुपयांत विकली तर मी आज मागवीन.

कारण पानं आम्ही आता आमचीच लावतो. एक वाटी मैदा, चार वाट्या पाणी, आधी थंड पाण्यातच गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळायचं. ही खळ उन्हातही धरून राहते. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून रोज थोडीच करायची. बायंडिंगवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. मुलांच्या खळीत तो चुकूनही नको. मोरचूद विषारी असतो आणि मुलं बोटं चाटतातच.

खोडावर लावायला केळीचं वाळलेलं सोपट, म्हणजे केळीच्या बुंध्यावरचा पापुद्रा. ते आमच्याकडे कुणाच्याही मळ्यात फुकट मिळतं. सोपट उभं फाडलं की धाग्याच्या रेषेत सरळ पट्टी निघते, कात्री लागतच नाही. संचातला कागद सोलताना रडकुंडीला येणारं पोरगं हेच काम मान खाली घालून, जीभ बाहेर काढून करत बसतं. पट्टी खोडावर चिकटली की खरी साल दिसते, हाताला खरखरीत लागते.

पानांचं सांगायचं तर संचात मेपल आहे आणि नाताळचं झाड आहे. मुलं विचारतात, "ताई, हाई काय शे?" मेपल मी दाखवू कुठे? पळस मात्र सातपुड्याकडे जाताना रस्त्यालाच आहे. पळसाला पानं तीनच, म्हणून एका देठाला तीन हिरवे कागद, आणि मोजणी आपोआप होते. होळीच्या सुमारास झाड पानं टाकून केशरी होतं, तेव्हा पानं काढून केशरी घोटीव कागदाचे बोळे लावायचे. ते बोळे चिमटीत वळताना बोटांना भरपूर काम मिळतं. भेंडी आडवी कापून रंगात बुडवली की पाच कोनांचं फूल उमटतं, तेही फांद्यांवर छान दिसतं. खरं पान लावायचं तर पिंपळाचं, वर्तमानपत्रात दाबून वाळवलेलं. निंबाची डहाळी वाळली की पानं झडतात.

पाचपैकी दोन तारे, दोन्ही खोडाला. थंड हवेच्या गावात असाल आणि पानं सोलून द्यायला घरात मोठं माणूस मोकळं असेल तर घ्या. खानदेशात, विदर्भात घेणार असाल तर थंडीतच वापरून संपवा, आणि खोकं उघडताना व्हिडिओ काढून ठेवा.