एंगलुंड गॅम्बिटची बॅच, दांडिया बाजार, वडोदरा

एंगलुंड गॅम्बिट म्हणजे बुद्धिबळात काळ्याने पहिल्याच चालीत प्यादं देऊ करायची सुरुवात. त्यातला काळ्याचा सापळा इथे फार छान शिकवतात. १. डी४ ई५ २. डी×ई५ घोडा सी६ ३. घोडा एफ३ वजीर ई७ ४. उंट एफ४ वजीर बी४ शह ५. उंट डी२ वजीर×बी२. आता पांढऱ्याने ६. उंट सी३ केलं की उंट बी४ ७. वजीर डी२ उंट×सी३ ८. वजीर×सी३ वजीर सी१, मात!

पण पांढऱ्याने त्याऐवजी ६. घोडा सी३ केलं तर काय, हे पाच मिनिटांत उरकतात, आणि खरी मेख तिथेच आहे. उंट बी४ ७. हत्ती बी१ वजीर ए३ ८. हत्ती बी३ वजीर ए५ ९. ई४. प्यादी सारखीच, पण काळ्याचा वजीर नुसता पळतोय आणि पांढऱ्याची मोहरी बाहेर आलीत. ब्लिट्झला (काही मिनिटांच्या झटपट डावाला) हा गॅम्बिट चालेल, स्पर्धेच्या लांब डावासाठी मुलांना हे देऊ नये.