सेडेशन पॅकेजमध्ये धरावं की बिलात वेगळं लावावं?

एंडोस्कोपीचं छोटं युनिट काढताय आणि मिडाझोलम-फेंटानिल, म्हणजे सेडेशनची (पेशंटला गुंगी आणणारी) इंजेक्शनं, स्वतःच देणार असाल, तर हा प्रश्न पहिल्याच महिन्यात समोर येतो. कोथरूडमध्ये मी दोन वर्षं पॅकेज चालवलं. आता वेगळी ओळ लावतो.

पॅकेजमध्ये काउंटरवर शांतता असते. वेगळी ओळ दिसली की नातेवाईक विचारतातच, "आजोबा तर आतून बोलत होते, मग भुलेचे पैसे कसले?" हाक मारली की ओ देतो, श्वास आपला आपण घेतो, तोच मॉडरेट सेडेशनमधला पेशंट, हे मला आजही रोज एकदा तरी समजावावं लागतं. कॅशलेसमध्ये पॅकेजचा दर आधीच ठरलेला असेल तर ही ओळ कापली जाते. तिथे पॅकेजच ठेवा.

माझं मन फिरलं ते एका कोऱ्या कागदामुळे. फेंटानिलचं रजिस्टर एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यामुळे रोज भरलं जायचं, अँप्युलन् अँप्युल. सेडेशन शीट मात्र संध्याकाळी आठवून लिहिली जायची: सगळ्यांचं सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) ९८, सगळ्यांना २० मिनिटं. बिलाला ती वेळ लागतच नव्हती, म्हणून मीही कधी मागितली नाही. मॉनिटरजवळची सिस्टर मधेच पुढच्या पेशंटला आयव्ही लावायला जायची. एकदा ७२ वर्षांच्या आजींचं सॅच्युरेशन ८६ वर आलं, तेव्हा खोलीत स्कोप धरलेला मी एकटाच होतो. हनुवटी उचलल्यावर आजी सावरल्या. पण किती मिलिग्रॅम कधी गेलं, ते शीटवर नव्हतं.

अमेरिकेत २०१७ पासून सेडेशनचं बिल प्रोसिजरमधून वेगळं काढलंय. डॉक्टर स्वतः सेडेशन देत असेल तर पहिल्या १५ मिनिटांचा कोड ९९१५२. त्यासाठी किमान १० मिनिटं भरावी लागतात आणि पेशंटवर लक्ष ठेवायला वेगळा प्रशिक्षित माणूस लागतो. दर तिकडचे तिकडे, ही अट मात्र मी उचलली. पहिल्या डोसची वेळ, स्कोप बाहेर आल्याची वेळ आणि सिस्टरची सही, यातलं एक जरी नसलं तरी ओळ लागत नाही. नुसत्या घशातल्या स्प्रेवर गॅस्ट्रोस्कोपी करून घेणाऱ्याला ही रक्कम पडत नाही, तेही मला बरं वाटतं.

दिवसाला दोन-तीनच केसेस असतील तर पॅकेजवरही बहुधा निभेल. माझ्याकडे सिस्टर आता पेशंटच्या डोक्याशी स्टुलावर बसते आणि बाहेरून कोणी हाक मारली तरी उठत नाही.