‘इनकेपेबल’चा अर्थ बघायला कोणता शब्दकोश?

इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं फुकट अ‍ॅप किती पाण्यात आहे हे बघायचं असेल, तर त्यात ‘इनकेपेबल’ टाका. अशी बरीच अ‍ॅप ‘असमर्थ, अक्षम, नालायक, अपात्र’ अशी रांग लावून मोकळी होतात. यातला कुठला कधी वापरायचा, याबद्दल अवाक्षर नाही. मग ‘आय अ‍ॅम इनकेपेबल टू कम टुडे’ असले अर्ज निघतात.

इथे हवं होतं ‘अनेबल टू कम’. ‘अनेबल’नंतर ‘टू’ आणि मूळ क्रियापद. ‘इनकेपेबल’नंतर ‘ऑफ’ आणि पुढे नाम किंवा आयएनजी लावलेलं क्रियापद. अर्थही वेगळा. ‘अनेबल’मधली अडचण बहुतेकदा प्रसंगापुरती असते: गाडी चुकली, ताप आला. ‘इनकेपेबल’ म्हणजे मुळात कुवतच नाही, किंवा स्वभावातच ते नाही. म्हणून ‘शी इज इनकेपेबल ऑफ लाइंग’ ही चक्क शाबासकी आहे. अ‍ॅपवर विसंबलात तर ‘ती खोटं बोलण्यास अक्षम आहे’ असं होईल. मराठी माणूस म्हणेल, ‘तिला खोटं बोलताच येत नाही.’ अशा जागी आपलं काम विशेषणापेक्षा ‘येत नाही’, ‘जमत नाही’, ‘शकत नाही’ यांवरच जास्त चालतं. अ‍ॅप नेमकं तेच देत नाही.

‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ची वेबसाइट फुकट आहे आणि या कामाला सर्वांत भरवशाची. अर्थाच्या ओळीवर थांबू नका. उदाहरणांजवळ शब्दाची जोडणी ठळक अक्षरांत असते, ती आधी वाचा. मग उच्चार ऐका, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही मिळतात. जोर ‘के’वर आहे, ‘इन’वर नाही. उणीव एकच, पण मोठी: मराठी अर्थ नाही. इंग्रजी व्याख्या वाचायची सवय नसलेला आठवीचा विद्यार्थी तिथे अडतो.

कायद्याचा किंवा सरकारी मजकूर असेल तर दोन्ही सोडा आणि महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, म्हणजे त्या त्या विषयातल्या पारिभाषिक शब्दांचे कोश, उघडा. तेही ऑनलाइन आहेत. ‘इनकेपेबल’च्या जवळच्या ‘इनकॉम्पिटंट’चंच बघा. ऑफिसात कुणाला तसं म्हटलं तर भांडण ठरलेलं. पण 1872च्या भारतीय करार कायद्यात, कलम 11प्रमाणे, अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेली, व्यक्ती करार करायला ‘कॉम्पिटंट’ नसते. त्यात तिच्या अकलेवर शेरा नाही, कायद्याने तिला ती मुभा नाही इतकंच. तिथे ‘नालायक’ लिहिलंत तर मसुदा परत येईल. रोजच्या बोलण्यातल्या इंग्रजीला मात्र हे कोश फारसे कामाचे नाहीत.

गुण द्यायचे तर लर्नर्स डिक्शनरीला 5 पैकी 4, परिभाषा कोशांना त्यांच्या कामापुरते 4, आणि रांग लावणाऱ्या अ‍ॅपला 2, तेही इंटरनेट नसताना चालणारं असेल तर. अ‍ॅपमधून शब्द उचललाच, तर टाइप करताना ‘अक्षम’चं ‘अक्षम्य’ झालेलं नाही ना, तेवढं बघा. माफ न करण्याजोगं म्हणजे अक्षम्य; कीबोर्ड सुचवतो म्हणून ते दाबू नका.