बोटीच्या दुरुस्तीचं इपॉक्सी: माल एक नंबर, सल्ला शून्य

आम्ही चौघांनी मिळून एक जुनी एंटरप्राइझ घेतलीये, ती निळ्या शिडाची साधारण १३ फुटी डिंगी (छोटी होडी), जॅक होल्टचं १९५६ चं डिझाईन, आणि एप्रिलपासून सगळे शनिवार रविवार तिच्यातच जातात, भरती असली की पाण्यात नाहीतर शेडमध्ये घासत बसायचं. सेंटरबोर्डच्या (बोटीच्या मधून खाली पाण्यात सोडायची फळी) पेटीपाशी प्लाय सडला होता, स्क्रूड्रायव्हर टेकवला की सरळ आत. म्हणून मुंबईत दारूखान्यातल्या एका दुकानातून दोन भागांचं इपॉक्सी (रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर, दोन्ही कालवून लावायचं) आणि ग्लास क्लॉथ (काचतंतूंचं कापड) आणलं.

स्लो, म्हणजे सावकाश घट्ट करणारा हार्डनर मागितला तर दुकानदार म्हणे काही फरक पडत नाही भाऊ, फास्टच घ्या. पडतो हो! मे महिन्यात दुपारी दोनला अख्खा कप एकदम कालवला, मित्र ब्रश शोधेपर्यंत कप इतका तापला की हातात धरवेना, मग धूर, आणि मग आत ब्रशसकट दगड. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, थोडं थोडं कालवून पसरट ट्रेमध्ये ओतलं तेव्हा कुठे जमलं. सुकल्यावर वर मेणचट थर येतो तो आधी पाण्याने धुवा, थेट घासलात तर पॉलिशपेपर लगेच भरतो. वरून रंग मस्ट, उन्हात इपॉक्सी टिकत नाही.

पण जोड कसला बसलाय! दोन वीकेंड फिरलो, एक थेंब आत नाही. मालाला पाच, दुकानाला दोन स्टार. अर्धा डबा उरलाय, पाऊस लागायच्या आत सुकाणूपण उरकतो.