मोरेन लेकच्या 'सनराईज परमिट'ला बळी पडू नका, आमचे २४० डॉलर गेलेत

कॅनडातल्या बॅन्फ नॅशनल पार्कला जाणार असाल आणि कोणी म्हणालं की तिथल्या मोरेन लेकपर्यंत स्वतःची गाडी न्यायचं परमिट काढून देतो, तर तिथेच फोन ठेवा. असलं परमिट नसतंच. २०२३ पासून मोरेन लेक रोडवर खाजगी गाड्यांना बंदी आहे, पहाटे नाही, रात्री नाही, फोटोग्राफर असाल तरी नाही. अपंगांसाठीचं पार्किंग प्लॅकार्ड असलेल्यांना गाडी नेता येते, पण नुसतं वय जास्त म्हणून कोणाला सोडत नाहीत. हे मुद्दाम लिहितोय कारण आमच्याशी बोलणारा माणूस नेमकं हेच सांगत होता की घरात सीनियर असतील तर लगेच होतं.

आई-बाबा पहिल्यांदाच कॅनडाला आले होते. बाबांनी रिटायर झाल्यावर कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून डोक्यात एकच जागा, मोरेन लेक, कारण १९६९ च्या सिरीजच्या २० डॉलरच्या नोटेमागे जो देखावा आहे तो हाच, व्हॅली ऑफ द टेन पीक्सचा, आणि ती नोट त्यांच्या कलेक्शनमध्ये कितीतरी वर्षं आहे. त्यांना सूर्योदयच हवा होता, कारण पहाटे ऊन आधी शिखरांच्या टोकांवर पडतं आणि तेव्हा पाणी बरेचदा एकदम स्थिर असतं, वारा सुटला की रिफ्लेक्शन गेलंच. पार्क्स कॅनडाची, म्हणजे ही पार्कं चालवणाऱ्या सरकारी संस्थेची, पहाटे ४ आणि ५ ची शटल बस असते पण तिच्या सीट्स पटापट जातात, आम्हाला मिळाली नाही. मग एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं आणि दहा मिनिटांत या माणसाचा मेसेज.

मराठीत बोलत होता, अगदी गोड. "काका-काकूंना घेऊन एवढ्या थंडीत शटलच्या लाईनीत कुठे उभे राहता दादा, मी फोटोग्राफर अॅक्सेस काढून देतो, गाडी थेट लेकपर्यंत." गाडीमागे २४० डॉलर, ई-ट्रान्सफरने (म्हणजे बँकेतून थेट त्याच्या खात्यात) आणि लगेच, कारण म्हणे त्या दिवसाचा कोटा संपत आलाय. पैसे गेल्यावर पीडीएफ आलं. वर बीव्हरचं चित्र, पार्क्स कॅनडाच्या लोगोत असतो तसं, खाली आमच्या गाडीची नंबर प्लेट, तारीख, वेळ, क्यूआर कोड, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात नियम, त्यात ड्रोनला बंदी हेसुद्धा लिहिलेलं, जे खरंच आहे. खोट्या कागदात एक-दोन खऱ्या गोष्टी घातल्या की माणसाचा विश्वास बसतो, हे त्या माणसाला बरोबर माहीत होतं.

बॅन्फजवळच्या कॅनमोर गावाहून सव्वातीनला निघालो. अंधार, थंडी, आई मागे शाल गुंडाळून बसलेली, बाबा मांडीवर ट्रायपॉड घेऊन. रस्ता वळतो तिथे गेटवर चमकत्या जॅकेटमधली एक मुलगी उभी होती, तिने टॉर्च मारून पीडीएफ बघितलं आणि क्यूआर स्कॅनसुद्धा केला नाही, शांतपणे म्हणाली की असा पास आम्ही देतच नाही, आणि हा कागद दाखवणारे तुम्ही पहिले नाही. बिचारी चांगली होती, आम्हाला दोष दिला नाही, पण गाडी वळवावीच लागली. बाबा काहीच बोलले नाहीत आणि मला तेच जास्त लागलं, चिडले असते तर बरं वाटलं असतं. त्या माणसाला फोन लावला तर नंबर ब्लॉक.

आता फोटो काढणाऱ्यांनी हे नीट वाचा, कारण त्याचा खोटेपणा त्याच्याच फोटोत होता. "कालच्याच कस्टमरने काढलाय" म्हणून त्याने एक फोटो पाठवला होता. बाबांनी तो नंतर लॅपटॉपवर मोठा करून बघितला. उतारावरची लार्चची झाडं पिवळीधमक! ती झाडं पिवळी होतात सप्टेंबरच्या उत्तरार्धात, आम्ही होतो जुलैत. कोपऱ्यात लेकजवळचं पार्किंग खाजगी गाड्यांनी भरलेलं, म्हणजे फोटो बंदीच्या आधीचा. उलटंही होतं, जूनच्या सुरुवातीचा म्हणून काठोकाठ निळं पाणी दाखवतात, तेव्हा तर बरेचदा बर्फ असतो आणि पाण्याची पातळीही कमी असते. तो निळा रंग ग्लेशियरने दगड घासून झालेल्या पिठासारख्या बारीक गाळामुळे येतो, बर्फ वितळून तो गाळ पाण्यात आला की मग, साधारण जूनच्या शेवटापासून. कोणी फोटो दाखवून पैसे मागत असेल तर झाडं, बर्फ आणि पाणी तारखेशी जुळतंय का ते बघा.

खरा मार्ग स्वस्त आहे आणि कोणाच्या हातापाया पडावं लागत नाही. शटलच्या थोड्या सीट्स वसंत ऋतूत खुल्या होतात आणि बाकीच्या, म्हणजे निम्म्याहून जास्त, प्रवासाच्या ४८ तास आधी सकाळी ८ वाजता, माउंटन टाइमने, म्हणजे तिथल्या घड्याळाप्रमाणे. मोठ्या माणसाचं तिकीट ८ डॉलरच्या आसपास, वर बुकिंग फी. बस लेक लुईझच्या स्की रिसॉर्टवरून सुटते. पार्कचा पास वेगळा लागतो. खाजगी कंपन्यांच्या बसही आहेत, पण त्यांना पार्कचं लायसन्स लागतं, तर लायसन्स आहे का ते सरळ विचारा, आणि स्वतःची गाडी घेऊन या म्हणणारा कोणीही असो, खोटा.

आम्ही त्याच सकाळी ८ ला लॅपटॉप उघडून बसलो आणि दोन दिवसांनंतरच्या सीट्स मिळाल्या. सूर्योदय नव्हता, थोडा वारा होता, पण बाबा रॉकपाइलवर, म्हणजे लेकच्या टोकाला असलेल्या दगडांच्या ढिगावर चढले, लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर फिरवून फिरवून नोटेवरची फ्रेम शोधली आणि काढलीच.

पैसे मात्र गेले ते गेलेच. ई-ट्रान्सफर समोरच्याने घेतली की परत ओढता येत नाही, बँकेने हेच सांगितलं, क्रेडिट कार्ड असतं तर निदान तक्रार करून भांडता आलं असतं. आरसीएमपीकडे (कॅनडाचे केंद्रीय पोलीस) आणि कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरला तक्रार दिली आहे. रक्कम छोटी वाटली तरी तुम्हीही द्या, पीडीएफ आणि चॅटचे स्क्रीनशॉट डिलीट करू नका.

आणि हो, तोच माणूस आता दुसऱ्या नंबरवरून शेजारच्या योहो पार्कच्या लेक ओहाराचे 'कन्फर्म बस पास' विकतोय, तीच भाषा, तेच दादा-काकू. ओहाराच्या दिवसाच्या बसच्या सीट्स लॉटरीने मिळतात आणि त्या रस्त्यावर खाजगी गाडी काय, सायकलसुद्धा नेता येत नाही. तुमच्या ग्रुपवर असा मेसेज आला तर अॅडमिनला लगेच सांगा.