सोसायटीत समविचारी शेजारी शोधताना: व्हॉट्सअ‍ॅप, सिग्नल, टेलिग्राम की हळदीकुंकू?

तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाचं वारं सुरू झालंय. विकासकाचं नाव जवळपास ठरल्यासारखं बोललं जातं, पण क्षेत्रफळ किती, भाडं किती, बँक हमी (विकासकाने काम अडवलं तर बँकेने पैसे भरण्याची हमी) देणार का, असं विचारलं की 'सभेत बोलू' एवढंच उत्तर मिळतं. याच शंका आणखी दहा-पंधरा घरांत असणार हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सुप्रभात, दुपारी 'उद्या टाकी धुणार, पाणी बंद' आणि रात्री कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस. शंकेचा एक शब्द नाही.

लोक गप्प राहतात त्याला कारणं आहेत. गळतीची तक्रार, पार्किंगची जागा, फ्लॅट विकताना लागणारं ना-हरकत पत्र, या सगळ्यासाठी कार्यकारिणीच्याच दारात जावं लागतं. एकट्या राहणाऱ्या आजींना औषध आणून देणारा वॉचमनही कमिटीच्या हाताखालचा. अशा माणसाने उघड प्रश्न विचारावा ही अपेक्षाच अन्यायाची आहे. कमिटीवर बसणारी बहुतेक माणसं विनामोबदला राबतात आणि सगळीच काही लबाड नसतात, हेही तितकंच खरं. म्हणूनच इथे विषय कट रचण्याचा नाही. चार समविचारी माणसं सापडेपर्यंत आपलं नाव चव्हाट्यावर येऊ नये, एवढंच हवं आहे. त्यासाठी कोणता मार्ग बरा, याचा हा आढावा.

लपवायचं कोणापासून?

गोपनीयता म्हटली की आपण कंपनी, सरकार, हॅकर यांचा विचार करतो. सोसायटीच्या राजकारणात यांतलं कोणीच तुमच्या मागे लागलेलं नसतं. धोका असतो तो तिसऱ्या मजल्यावरच्या, आज तुमच्या बाजूने बोलणाऱ्या आणि उद्या स्क्रीनशॉट सेक्रेटरींना पाठवणाऱ्या माणसाचा. त्यामुळे 'मेसेज कोण वाचू शकतं' यापेक्षा 'ग्रुपमध्ये कोण आहे हे कोणाला दिसतं' हा प्रश्न पहिला.

इथे सोसायटीची एक खास अडचण आहे. आपण शेजाऱ्यांचे नंबर कसे साठवतो? 'बी ३०४ जोशी', 'ए विंग सेक्रेटरी', 'सी १०२ भाडेकरू'. म्हणजे तुमचा मोबाईल नंबर दिसला की विंग, मजला आणि दार, सगळं एकाच वेळी दिसलं. शहरातल्या अनोळखी माणसासाठी तो नुसता दहा आकडी नंबर असतो, शेजाऱ्यासाठी तो पत्ता असतो. पुढची सगळी तुलना मी याच कसोटीवर केली आहे.

व्हॉट्सअ‍ॅप: सगळ्यांकडे आहे, हीच सोय आणि हीच अडचण

बहुतेक जण पहिला विचार करतात तो वेगळा ग्रुप काढण्याचा. आजोबांपासून कॉलेजातल्या मुलीपर्यंत सगळ्यांना तो वापरता येतो, काही शिकवावं लागत नाही. मजकूर एप्रिल २०१६ पासून सर्वांसाठी एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, त्यामुळे वाटेत कोणी वाचेल ही भीती नको.

पण ग्रुपमध्ये आलेल्या प्रत्येकाला बाकी प्रत्येकाचा नंबर दिसतो. वीस जणांच्या ग्रुपमध्ये एक फितूर निघाला की सदस्यांच्या यादीचा एक स्क्रीनशॉट पुरे, वीस दारं उघडी. बाहेर पडतानाही थोडं जपून: २०२२ पासून ग्रुप सोडल्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते खरी, पण आधीच्या सदस्यांच्या यादीत तुमचं नाव ६० दिवस इतरांना पाहता येतं. म्हणजे 'मी गुपचूप निघालो' असं मानून बसू नका.

आणखी एक जागा लोकांच्या लक्षात येत नाही, ती बॅकअपची. मजकूर एन्क्रिप्टेड असला तरी गुगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणारा बॅकअप आपोआप तसा नसतो, ती सोय सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते. तिथेच 'मला ग्रुपमध्ये कोण टाकू शकतं' हा पर्याय 'माझे कॉन्टॅक्ट्स' असा करून ठेवा, नाहीतर कोणी उत्साही गृहस्थ न विचारता तुम्हाला 'पुनर्विकास विरोधी मंच'मध्ये टाकून मोकळे होतील. गायब होणारे मेसेज २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांवर ठेवता येतात. अनेक ग्रुप एकत्र बांधणाऱ्या 'समुदाया'च्या (कम्युनिटी) घोषणा-ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत हे खरं, पण तिथे नवा विषय काढतो फक्त अ‍ॅडमिन. चर्चा करायला पोट-ग्रुपमध्ये आलात की नंबर पुन्हा उघडे.

माझं मत स्पष्ट आहे: एकमेकांना आधीपासून ओळखणाऱ्या पाच-सहा घरांसाठी व्हॉट्सअ‍ॅप चालेल. अनोळखी समविचारी शोधायला ते चुकीचं साधन आहे.

अ‍ॅडमिन व्हायला घाबरणाऱ्यांसाठी एक माहिती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटलं आहे की समान हेतू किंवा पूर्वनियोजन असल्याशिवाय, एखाद्या सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. याचा अर्थ वाटेल ते लिहावं असा मात्र नाही. 'सेक्रेटरीने पैसे खाल्ले' हे वाक्य हातात कागद नसताना बंद ग्रुपमध्ये लिहिलं तरी बदनामीची तक्रार होऊ शकते.

सिग्नल: नंबर झाकतो, पण माणसं गोळा करताना दमछाक

आपल्या कसोटीवर सिग्नल, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपसारखंच दुसरं मेसेज अ‍ॅप, सरस ठरतं. फेब्रुवारी २०२४ पासून त्यात युजरनेमची, म्हणजे नंबर न देता संपर्कासाठी द्यायच्या नावाची, सोय आली. नोंदणीला नंबर लागतोच, पण ज्यांच्याकडे तो आधी नाही त्यांना तो आपोआप दिसत नाही. ग्रुपमध्ये तुम्ही 'निशिगंध' या प्रोफाइल-नावाने बसलात तर बाकीच्यांना निशिगंधच दिसणार, बी ३०४ नाही.

पण एक पाऊल चुकवू नका. शेजाऱ्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर आधीच साठवलेला आहे. सिग्नल सुरू केल्याबरोबर, त्याच्याकडेही ते असेल तर, 'बी ३०४ जोशी सिग्नलवर आले' हे त्याला कळू शकतं. म्हणून नोंदणी झाल्या झाल्या, कुणालाही मेसेज करण्याआधी, सेटिंगमधल्या प्रायव्हसीत जाऊन 'फोन नंबर' या भागात दोन्ही प्रश्नांना 'कोणीही नाही' हे उत्तर द्या: नंबर कोण पाहू शकतं, आणि नंबरावरून मला कोण शोधू शकतं. दुसरा प्रश्न बहुतेकांकडून राहून जातो, आणि सोसायटीत तोच महत्त्वाचा. त्यानंतर युजरनेम घ्या. त्यात आडनाव, फ्लॅट क्रमांक, जन्मसाल काही नको. प्रोफाइलला स्वतःचा किंवा नातवंडाचा फोटोही नको.

अडचण माणसांची आहे. साठीपुढच्या सभासदाला 'हे नवीन अ‍ॅप घ्या' म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'का? व्हॉट्सअ‍ॅप आहे की.' जुन्या सोसायट्यांत मतं तर याच मंडळींकडे जास्त. शेजारी बसून दहा मिनिटांत सेटिंग करून द्यायची तयारी असेल तरच हा मार्ग धरा. परगावी राहणाऱ्या सभासदांसाठी मात्र याला तोड नाही. पुण्यातला फ्लॅट बंद ठेवून दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणारे मालकही सभासद असतात आणि त्यांना गच्चीवर गाठता येत नाही.

टेलिग्राम आणि निनावी पत्र

टेलिग्रामवर नंबर झाकता येतो, ग्रुपही दोन लाखांपर्यंतचे होतात. पण साधी संभाषणं आणि सगळे ग्रुप तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात. ती सोय फक्त दोघांतल्या गुप्त संभाषणाला आहे. जवळपासची माणसं शोधून देणारी सुविधा त्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये काढून टाकली, आणि ते योग्यच झालं. चाळीस घरांच्या इमारतीला याची गरज नाही.

रात्री प्रत्येक पत्रपेटीत निनावी पत्रक टाकण्याची कल्पना कोणाला तरी सुचतेच. टाकू नका. पत्रपेट्यांसमोर हल्ली कॅमेरा असतो, आणि सही नसलेल्या कागदावर सज्जन माणूस विश्वास ठेवत नाही. उलट जे कुंपणावर असतात तेही 'हे कोणाचे उद्योग?' म्हणून कमिटीच्या बाजूला सरकतात.

समोरासमोर: सगळ्यात जुनं, आणि सुरुवातीला सगळ्यात सुरक्षित

इमारतीच्या आत एका घरातून दुसऱ्या घरात जाताना गेटवर पाहुण्यांची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपमध्ये नोंद होत नाही. बाहेरून वकील किंवा वास्तुविशारद बोलावलात तर मात्र कोण, कोणाकडे, किती वाजता आलं, हे सगळं तिथे राहतं. अशा माणसाला भेटायचं तर त्यांच्या कार्यालयात जा.

आणि घरोघर जायला आपल्याकडे निमित्तांची कमी नाही. मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका हळदीकुंकवाला कोणाच्याही घरी जातात, लिफ्टमध्ये भेटलेल्याला त्यात काही वावगं दिसत नाही. गौरी-गणपतीत तर अख्खी इमारत एकमेकांकडे दर्शनाला. ईदचा शीरखुर्मा, नाताळचा केक, दिवाळीचं फराळाचं ताट. वाण लुटता लुटता किंवा आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात असताना झालेलं दोन मिनिटांचं बोलणं कुठेही साठत नाही. त्याचा स्क्रीनशॉट निघत नाही.

विचारायचं काय, यात खरं कौशल्य आहे. 'कमिटीबद्दल तुमचं काय मत?' असं विचारलंत तर समोरचा सावध होतो आणि तुमची बाजू उघडी पडते. त्याऐवजी कागदाबद्दल विचारा: 'मागच्या सभेचं इतिवृत्त तुम्हाला मिळालं का हो? मला सापडतच नाहीये.' या प्रश्नात आरोप नाही, बाजू नाही. पण उत्तरात सगळं येतं. 'मिळालं की, व्यवस्थित आहे' म्हणणारा कुठे उभा आहे हे कळतं. 'कसलं इतिवृत्त, आम्हाला कोण विचारतंय' असं म्हणत जी बाई दार थोडं ओढून घेते आणि आवाज खाली आणते, ती तुमची समविचारी. तेव्हाही लगेच सगळं सांगू नका. दुसरा प्रश्न पुढच्या भेटीत.

असाच दुसरा चांगला प्रश्न बँक हमीचा. पुनर्विकासासाठी राज्य सरकारने ४ जुलै २०१९ च्या निर्णयात जी कार्यपद्धती घालून दिली, तिच्यात विकासकाकडून प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमी घेण्याचा आणि सभेचं व्हिडिओ चित्रीकरण करण्याचा उल्लेख आहे. 'आपल्या सभेचं शूटिंग झालं होतं का?' हे जिन्यात उभं राहून सहज विचारता येतं.

या मार्गाची मर्यादा वेळेची. एका सणात चार-पाच घरं होतात, जास्त नाही. निविदा तोंडावर आली असेल तर सणाची वाट पाहत बसता येणार नाही, मग सकाळचं फिरणं किंवा गच्चीवरचे पापड-कुरडया.

मग मी काय निवडेन?

पहिली तीन-चार माणसं फक्त समोरासमोर. या टप्प्यावर फोनच काढायचा नाही, कारण इथे विश्वास पारखायचा असतो आणि तो डोळ्यांतच दिसतो. ती पक्की झाली की सिग्नलचा छोटा ग्रुप, टोपणनावांनी, मेसेज आठवड्यात गायब होतील अशा बेताने. नवीन माणूस आत येईल तो आधीच्या दोघांनी त्याची हमी घेतल्यावरच. जॉइन लिंक कुठेही टाकायची नाही. सिग्नल न जमणाऱ्या ज्येष्ठांना ग्रुपमध्ये ओढू नये. त्यांच्याशी एकाने जाऊन बोलावं, म्हणजे त्यांचं नावही कुठे येत नाही.

कोणी विश्वासघात करून तुमचा नंबर आणि मत विकासकाच्या माणसापर्यंत पोहोचवलं, तर कायद्याचा आधार मिळेल अशा भरवशावर मात्र राहू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती वगळलेली आहे. शेजाऱ्याने शेजाऱ्याला काय पाठवलं, यात तो बहुधा पडणार नाही. म्हणून आधीच कमी सांगायचं.

ही गुप्तता कुठवर न्यायची, हेही पहिल्याच दिवशी ठरवा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की एका महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. साठ सभासदांच्या सोसायटीत हा आकडा बारा. सही सभासदाचीच हवी. भाडेकरूची किंवा नुसत्या घरातल्या माणसाची चालत नाही, आणि नेमकी याच मुद्द्यावर अनेक पत्रं परत येतात. सभासद कोण हे पाहायला सहकार कायद्याच्या कलम ३२ खाली सभासद नोंदवही आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं सोसायटीच्या कार्यालयात विनामूल्य पाहता येतात. हा हक्क कोणाही एका सभासदाला आहे, त्यामुळे त्या कामाला गटातला सगळ्यात निर्भीड, कमिटीकडे काही अडलेलं नसलेला माणूस पाठवा. बाकीच्यांची नावं त्यात येतच नाहीत.

बारा हवेत तर पंधरा-सोळा सह्या घ्या, कारण शेवटच्या दिवशी दोघं-तिघं कच खातात. सह्यांचा कागद घरोघर फिरवू नका. एका संध्याकाळी एका घरी सगळे जमा, एका बैठकीत सह्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र सोसायटीच्या कार्यालयात देऊन शिक्क्यासह पोच घ्यायची. पोच नाकारली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात द्या. महिनाभरात सभा लागली नाही तर ती बोलावण्याचा अधिकार निबंधकांना आहे, तेव्हा हीच पोच कामी येते.